मे महिन्यात दुपारी गॅस पेटवायचा की नाही?

कुलरसमोरची

यंदा मी घरात जाहीर करून टाकलं : मे लागल्यापासून पहिला पाऊस पडेपर्यंत सकाळी साडेआठनंतर गॅस पेटणार नाही. रात्री आठला पुन्हा पेटेल. मधल्या वेळात ज्याला गरम हवं त्याने स्वतः करून घ्यावं. घरात सहा माणसं. चौघांनी तोंड वाकडं केलं, म्हणून इथे विचारतेय.

झालं असं की मागच्या आठवड्यात सव्वाबाराला फुलके करत होते. ज्योत हलते म्हणून पंखा बंद. कुलर हॉलमध्ये, त्याची हवा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत येते अन् तिथूनच परत जाते. मुलाने शाळेच्या प्रोजेक्टसाठी आणलेलं थर्मामीटर ओट्यावर पडलं होतं, त्यात ४२. सोळावा फुलका तव्यावर होता. कानामागून घाम ओघळून परातीत पडू नये म्हणून मान एका बाजूला धरली होती, आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. ओटा धरून खालीच बसले. हॉलमधून आवाज आला, "पोळी आण ना, वरण गार होतंय."

वरण गार होतंय. नागपुरात. मे महिन्यात!

तर आता सहा ते साडेआठमध्ये ज्वारीच्या भाकरी, एखादी कोरडी भाजी (ढेमसं, दोडकं, गवार, जे मिळेल ते), फल्लीची (शेंगदाण्याची) चटणी. दुपारी तीच भाकर, कांदा, काकडी, आंबील नाहीतर ताक, कधी दहीपोहे. रात्री चून (पिठलं) किंवा वरण-भात. आठवड्यातून दोनदा आमरस. यात कोणाचं काय उपाशी राहतं ते सांगा.

इतवारीचा_भाऊ

ताई, राग नका मानू जी. पण दुपारी गार भाकर कोण खाईन? माणूस उन्हातून दुकान बंद करून घरी येते, त्याले दोन गरम पोळ्या अन् फोडणीचं वरण तरी पाह्यजे का नाही? माही माय चुलीवर पंधरा माणसांचा सैपाक करे, भर उन्हाळ्यात. तिले कधी भोवळ आली नाही. आजकाल सगळ्याचाच त्रास होऊन राह्यला.

कुलरसमोरची

भाऊ, आली नाही की तुम्हाला दिसली नाही? आई आहेत ना? विचारून बघा.

लॅबवाली

तुमच्या भोवळीबद्दल वाद नाही, मेनूबद्दल आहे. भाकर, चटणी, कोरडी भाजी ठीक. पण वाचणाऱ्यांपैकी निम्म्या जणी सकाळीच वरण-भाताचा कुकर लावून दोनपर्यंत ओट्यावर ठेवतील, म्हणून लिहितेय. शिजवलेलं ओलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास, असा साधा हिशोब आहे. आपल्याकडे मे महिन्यात ३२ तर सकाळीच होतं.

भाताचं विशेष सांगते. त्यात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू शिजूनही जिवंत राहतात. भात कोमट राहिला की वाढायला लागतात आणि त्यातलं उलटी करवणारं विष नुसतं गरम करून जात नाही. म्हणजे "खाताना कढवून घेऊ" हा उपाय उपाय नाही. सकाळी केलाच तर पसरट ताटात लवकर निववून फ्रिजमध्ये टाका. नाहीतर दुपारी ताजा लावा. ताजा लावणं हा काही गुन्हा नाही, पंधरा मिनिटांचा कुकर आहे.

कुलरसमोरची

भाताचं पटलं. आमच्याकडे भात रात्रीच होतो, पण हे लिहायला हवं होतं. मात्र पंधरा मिनिटांचा कुकर फक्त पंधरा मिनिटांचा कधीच नसतो. कुकर लागला की "फोडणी देऊन टाक", फोडणी दिली की "दोन पोळ्याही टाकून घे".

ढेमसे_नको

मी दहावीत आहे. आई कोणाचीही असो, रोज ढेमसं करू नका एवढीच विनंती.

रामदासपेठी

सगळं सोडा आणि मागवा. आम्ही दोघं रात्रपाळीचे, मे महिन्यात घरात फक्त चहा होतो. दुपारी दीडला ऑर्डर, दोनला दारात. भोवळ नाही, भांडी नाहीत. मागे ५६ डिग्री गेलं होतं इथे, कोण उभं राहतं गॅससमोर?

दुपट्टा_हेल्मेट

सर, दोनला दारात जो येतो तो मीच. गॅससमोर उभं राहणं जड आहे, मान्य. पण सिग्नलवर डांबराची वाफ अंगावर घेत उभं राहणं काय आहे ते एकदा येऊन पाहा. तोंडाला दुपट्टा, वर हेल्मेट, पाठीवर गरम डब्याची पेटी. तुमच्या घरचा उकाडा वाचला तो कुठे तरी गेलाच ना. एक मोठी बिल्डिंग आहे, तिथे आम्हाला लिफ्ट नाही, चौथा मजला जिन्याने. मागवू नका म्हणत नाही, पोट त्यावरच आहे. अकराच्या आधी नाहीतर सहानंतर मागवा. अन् पाणी विचारत जा.

अन् ५६ चं नका सांगू सर. मे २०२४ मधला तो आकडा सेन्सरच्या बिघाडाचा होता, हवामान खात्यानेच सांगितलं होतं. आपलं खरं ४५-४६ पुरेसं आहे.

रामदासपेठी

लिफ्टचं माहीत नव्हतं. आमच्या बिल्डिंगमध्ये विचारतो.

गच्चीवरचा_डबा

अख्ख्या गावाला ज्याचा त्रास आहे तेच वापरा ना. आमच्याकडे पेटीवाला सोलर कुकर आहे. आतून काळा, चार काळे डबे, वर दुहेरी काच, झाकणाला आरसा. साडेनऊला भिजवलेली तूर, तांदूळ, एका डब्यात आलू, एकात फल्लीदाणे ठेवतो. साडेबाराला तयार. मे महिन्यात एकदाही फसलं नाही. खालून आच नसल्याने करपतही नाही. लॅबवाली ताईंनाही चालेल, ताजं असतं.

सक्करदऱ्याची_सून

काका, साडेबाराला गच्चीवरून डबे खाली कोण आणतं?

गच्चीवरचा_डबा

मी. रिटायर आहे, टोपी घालतो. फोडणी आणि पोळी त्यात होत नाही, हे मात्र खरं. फोडणी रात्रीचीच करून वाटीत झाकून ठेवतो. हिला ते आवडत नाही. तीस वर्षं झाली लग्नाला, एवढं चालतं.

सक्करदऱ्याची_सून

मला तुम्हा सगळ्यांची गंमत वाटते. दुपारच्या फुलक्यावर एवढी चर्चा, आणि याच महिन्यात आपण सगळ्या पहाटे पाचला कुरडयांसाठी गंजभर गव्हाचा चीक घोटतो त्याचं काय? तीन दिवस गहू भिजवा, वाटा, गाळा, मग तो चीक आचेवर घोटताना दंडाचे तुकडे पडतात. वर गच्चीत सोऱ्या फिरवा, सूर्य डोक्यावर यायच्या आत सगळं पसरून खाली या. त्याबद्दल कोणी धागा काढला नाही, कारण कुरडया सगळ्यांना हव्यात. माझं म्हणणं, गॅस बंद करायचाच तर वाळवणापासून करा. बुधवार बाजारात विकत मिळतात.

(मी यंदाही केल्या. पाच किलो गव्हाच्या. मला नाही म्हणता आलं नाही, म्हणून चिडून लिहितेय.)

कुलरसमोरची

तुमचं शेवटचं वाक्य वाचून मी हसले आणि मग नाही हसले.

विजेचा_मीटर

व्यवहाराचं बोलू? इंडक्शन घ्या. ज्योत नाही, त्यामुळे पंखा चालू राहतो, आणि गॅसची जी निम्मी आच भांड्याच्या बाजूने निघून ओटा तापवते तीही नाही. तुमचा प्रश्न गॅसचा कमी आणि बंद पंख्याचा जास्त आहे.

इतवारीचा_भाऊ

अन् लाईट गेली का मंग? कुलर बंद, इंडक्शन बंद, मंग फुकट हवा खाऊन बसायचं का? फुलकाही फुगत नाही त्यावर.

विजेचा_मीटर

फुलका फुगत नाही हे बरोबर. त्यावर तव्याची पोळी होते. लाईट गेली तर गॅस आहेच की, फेकायला कोणी सांगितला.

कोष्टीपुऱ्याची_चव

एक विरोध माझाही. उन्हाळा आला की लगेच सावजी बंद, तेल बंद, तिखट बंद. हलबा कोष्टी विणकरांचं हे जेवण याच गावात वाढलं, आणि ती माणसं मे महिन्यातही मागावर बसतच होती ना? तिखटाने घाम येतो, कोरड्या हवेत घाम उडतो, अंग निवतं. माठाचं पाणी आणि तुमचा कुलर याच तत्त्वावर चालतात. जून उजाडून हवा दमट झाली की तिन्ही बिघडतात : माठ, कुलर आणि सावजी. तोवर रविवारचा रस्सा सोडणार नाही.

लॅबवाली

घाम उडायला आधी अंगात पाणी लागतं, दादा. रस्सा खा, पण बरोबर दोन तांबे पाणी प्या. आणि मटण शुक्रवारीच आणून ठेवू नका.

काकू_धंतोली

आमरसाबद्दल कोणीच बोललं नाही. बैंगनपल्ली आली की आमच्या घरी रोज, आणि रोजच असायला हवा. वर्षातला दीड महिना. कणकेचे उकडलेले सरगुंडे, आमरस, वर तूप. कुलरसमोरची, तू आठवड्यातून दोनदा लिहिलंस ते वाचून मला तुझ्या मुलांची कीव आली गं.

कुलरसमोरची

काकू, सासऱ्यांना शुगर आहे. रोज केला तर ते रोज वाटी पुढे करतात. आमरस, सरगुंडे आणि मागून भात, म्हणजे गोडावर पिठूळ अन् पिठूळावर पुन्हा पिठूळ. डॉक्टरांनी आमरस बंद नाही केला, वाटी लहान केली. मी वाटीही लहान केली आणि दिवसही कमी केले. मुलांना आंबे नुसते चोखायला देते. तासभर पाण्यात टाकायचे, चीक धुतला जातो, गारही होतात.

काकू_धंतोली

मग ठीक. पण नवतप्यात तरी एक दिवस जास्त कर. २५ मेपासून नऊ दिवस तसंही कोणाला काही जेवण जात नाही. आणि सगळ्यांच्या खिशात कांदा दे.

लॅबवाली

काकू, कांदा पोटात गेला तर चांगलाच, खिशात ठेवून ऊन लागायचं थांबत नाही. खिशात ठेवायचंच तर लिटरभर पाण्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ कालवून ती बाटली बरोबर ठेवा. शुगरवाल्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारून.

काकू_धंतोली

कांदा स्वस्त आहे. मी दोन्ही देईन.

इतवारीचा_भाऊ

मायले विचारलं. आधी म्हणे, "काहून विचारून राह्यला, बायकोशी भांडण झालं का?" मंग सांगितलं का चूल उन्हाळ्यात अंगणात, निंबाखाली राहे. तुमच्या ओट्यासारखी डबीत नाही. पाचले पेटे, आठले विझे. दुपारी सगळ्यायले आंबील अन् भाकर. म्या तं लहानपणी तेच खाल्लं म्हणते, मले आठवतच नाही. अन् भोवळ आली होती म्हणे, दोनदा. एकदा चुलीपाशी.

पण हेही म्हणाली का आता तिले गार भाकर चावत नाही, दात नाही. म्हणून माह्या घरी तिच्यापुरत्या दोन गरम पोळ्या लागतीनच. त्या म्या करू का बायकोनं, हे ठरायचं आहे. बाकी तुमचं सगळं पटलं असं नका समजू. वरण मले गरमच पाह्यजे.

आंबीलीचं माप सांगा. माय म्हणते अंदाजानं.

कुलरसमोरची

दातांचा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता. भाकर कुस्करून ताकात भिजवली तर चालेल का विचारा.

आंबील : चार जणांना ज्वारीचं पीठ चार मोठे चमचे, रात्री वाटीभर ताकात कालवून झाकून ठेवा. सकाळी चार वाट्या पाणी उकळत ठेवा, त्यात जिरं, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, मीठ. आच मंद करून कालवलेलं पीठ एका हाताने ओता आणि दुसऱ्या हाताने पळी फिरवत राहा. हात थांबला की गुठळी. सात-आठ मिनिटांत चकाकी येते. निवली की फ्रिजमध्ये. पिताना ताक घालून पातळ करा, वरून सांबार (कोथिंबीर).

इतवारीचा_भाऊ

सकाळी केली. मधातच फोन आला. झाल्या गुठळ्या. पेलो तशीच.