जीझस लिझर्डचा 'गोट': एवढ्या गोंगाटात काय आवडतं तुम्हाला?

प्रश्न: मित्राने सांगितलं म्हणून काल द जीझस लिझर्ड या अमेरिकन नॉइज रॉक (गोंगाटी रॉक) बँडचा १९९१ चा 'गोट' अल्बम ऐकला, जेमतेम अर्ध्या तासाचा आहे पण दुसऱ्याच गाण्याला डोकं भणभणलं, गाणारा काय बोलतोय तेही कळेना. ज्यांना आवडतो त्यांनी सांगा ना, खरंच समजून घ्यायचंय.

उत्तर १: भावा आधी गायक सोड, फक्त बेस गिटार पकड. सिम्सचा बेस आणि मॅकनीलीचे ड्रम्स घट्ट एकमेकांना धरून चालतात आणि डेनिसनची गिटार वरून पत्रा चिरल्यासारखी येते, पण एक सूर फालतू नाही. रेकॉर्डिंग स्टीव्ह अल्बिनी या साउंड इंजिनिअरचं, तो गाणाऱ्याचा आवाज मुद्दाम पुढे आणायचा नाही, त्यामुळे गायक डेव्हिड योचा आवाज वाद्यांच्या मागे दबलाय. भिंतीपलीकडे कोणीतरी भांडतंय, शब्द कळत नाहीत पण छातीत धडधडतं, अगदी तसं!

उत्तर २: +१. आणि मोबाईलच्या स्पीकरवर नका ऐकू, बेसच गायब होतो. मला दिवसभराचा साचलेला राग शांत गाण्यांनी नाही जात, यानेच जातो.

प्रश्नकर्ता: आत्ता बेस धरून यातलं 'देन कम्स डडली' हे गाणं परत ऐकलं. पाय आपोआप हलत होता राव, उद्या पूर्ण ऐकतो.