फ्लाइटगिअरमध्ये घड्याळ बरोबर पण बाहेर रात्र, टाईम झोनचा घोळ आहे का?

पंचवटीकर:
तीन दिवसांपूर्वी फ्लाइटगिअरमध्ये (कॉम्प्युटरवर विमान उडवायचा सिम्युलेटर, म्हणजे सिम) नाशिकच्या ओझर विमानतळावर रनवे २७ वर सेसना १७२ हे छोटं विमान उभं केलं, म्हटलं मावळतीच्या उन्हात उडवू. मनगटावर ५ वाजलेले, कॉकपिटच्या घड्याळातही १७:००, माझ्या खिडकीत लख्ख ऊन आणि सिममध्ये काळाकुट्ट अंधार, रनवेचे दिवे लागलेले. दोनदा रिइन्स्टॉल केलं तरी तेच, तीन दिवस यातच अडकलोय, कुणी सांगा ना प्लीज.

सिडकोचा_वैमानिक:
दादा, कॉकपिटमधल्या त्या घड्याळावर यूटी आहे का बघा. तो झुलू टाईम, ग्रिनीचचा, आपल्या साडेपाच तास मागे. तिथे १७:०० म्हणजे ओझरला रात्रीचे साडेदहा, मग अंधार बरोबरच आहे की. सिम सूर्य कुठे ठेवायचा ते झुलू आणि अक्षांश-रेखांशावरून काढतं, टाईम झोन फक्त लोकल वेळ दाखवायला. म्हणजे कॉम्प्युटरचंच घड्याळ पुढे गेलंय. विंडोज आणि लिनक्स एकाच मशीनवर आहेत का?

पंचवटीकर:
हो, दोन्ही आहेत! सिम लिनक्सवर, आत्ता बघितलं तर तिथलं घड्याळ खरंच साडेपाच तास पुढे. नेट बंद असतं माझं.

सिडकोचा_वैमानिक:
मग तेच. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात लोकल टाईम लिहितं, लिनक्स तोच आकडा यूटीसी, म्हणजे तीच झुलू वेळ, समजतं आणि वर साडेपाच तास मिळवतं. नेट असलं की आपोआप सुधारतं म्हणून एरवी कुणाच्या लक्षात येत नाही. लिनक्सला सांगून टाका की हार्डवेअर क्लॉक, म्हणजे मदरबोर्डचं ते घड्याळ, लोकल टाईमवर आहे, टाइमडेटसीटीएल कमांडने होतं (सोबत --adjust-system-clock द्या, नाहीतर लिनक्सची चुकीची वेळच त्यात लिहिली जाईल), मग मशीन रीस्टार्ट करा.

गंगापूररोड:
अजून एक, नाहीतर परत डोकं धराल. सिमच्या मेन्यूतून नून (भर दुपार) निवडलंत तर सिम सूर्य मध्यावर आणतं, घड्याळ १२ वर नाही. आपली वेळ मिर्झापूरजवळच्या ८२.५ रेखांशाची, नाशिक ७३.८ वर, अंशाला ४ मिनिटं धरली तर सूर्य इथे मध्यावर यायला १२:३५ होतात, महिन्यानुसार पाव तास इकडे तिकडे. यूटीत साधारण ०७:०५ दिसेल, ते चुकीचं नाही.

पंचवटीकर:
झालं!! आत्ताच उडवलं, सूर्य रनवेच्या थोडा डावीकडे, अगदी खाली आलेला, पंखांवर केशरी ऊन आणि घड्याळात यूटी १२:१०. दोघांचेही मनापासून आभार.