‘अटॅचमेंट’ला मराठीत काय म्हणाल? (आसक्ती सोडून)

दीडशहाणी:
पालकांसाठीच्या एका पुस्तिकेचं भाषांतर करतेय. मजकूर मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बींच्या अटॅचमेंट सिद्धांतावरचा, म्हणजे बाळाचं सांभाळणाऱ्या माणसाशी जे घट्ट नातं जुळतं त्यावरचा. पहिल्या खर्ड्यात सगळीकडे ‘आसक्ती’ लिहिलं. त्यातला धातूच सञ्ज्, म्हणजे चिकटणं, तेव्हा अर्थ तंतोतंत वाटला. संपादकांनी समासात एवढंच लिहून परत पाठवलं: ‘नऊ महिन्यांच्या बाळाला आसक्ती?’ आता मलाच ते वाचवत नाही. त्यात ‘सिक्युअर अटॅचमेंट’चं मी ‘सुरक्षित आसक्ती’ केलं होतं, ते तर आरोग्य खात्याच्या भिंतीवर शोभेल. सुचवा. शनिवारी द्यायचंय.

अनुस्वार:
लळा. विषय संपला.

ऱ्हस्वदीर्घ:
संपला कसा? लळा पोराला लागतो, वासराला लागतो. 1987 साली हेझन आणि शेव्हर या मानसशास्त्रज्ञांनी हीच कल्पना मोठ्यांच्या प्रेमसंबंधांना लावली, म्हणजे शब्द दोन्हीकडे चालायला हवा. ‘नवऱ्याचा लळा’ असं एकदा मोठ्याने म्हणून बघा.
‘अनुबंध’ घ्या. भारदस्त आहे, आणि आसक्तीसारखा डागही नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात विषयांचा संग जडला की त्यातून काम, कामातून क्रोध अशी उतरंड आहे. आसक्ती त्याच घराण्यातली. बाळाला कशाला तिथे नेता?

पोटफोड्या_ष:
अनुबंधाला डाग नाही? हिंदीत तो करार. आणि व्याकरणात अनुबंध म्हणजे प्रत्ययाला खुणेपुरतं चिकटवलेलं अक्षर. ‘क्त’मधला क् घ्या. काम झालं की पाणिनी सांगतो, तस्य लोपः. उरतो नुसता त. काही नात्यांना हा अर्थ चपखल बसेल, पण पालकांच्या पुस्तिकेत नको.

उंबरठा:
कोर्टात अटॅचमेंट म्हणजे जप्ती, हे कुणी कसं बोललं नाही? मालमत्तेवर टाच येते. माझं तर जुनं मत आहे की ही ‘टाच’ म्हणजे ‘अटॅच’च. पुढचा अ झिजला.

पोटफोड्या_ष:
कानाला सारखं लागलं की झाली व्युत्पत्ती! एखादा जुना कागद दाखवा, मग बोलू.

उंबरठा:
कागद नाही. पण जमतंय की नाही?
बरं, जिव्हाळा का नको? आमचे आजोबा विहीर खणताना खडकातून पाणी फुटलं की ‘जिव्हाळा लागला’ म्हणायचे. खालून आपोआप येणारं. यापेक्षा चांगला शब्द कुठे मिळणार?

ऱ्हस्वदीर्घ:
शब्द चांगला होता. निरोपाच्या भाषणांनी पार झिजवून टाकला.

चुकभूल:
मला वाटतं, तुम्ही सगळे नामं शोधताय आणि मराठीचा जीव आहे क्रियापदात. लळा लागतो. जीव जडतो. ओढ वाटते. सवय होते. यातलं काहीच ‘मी’ करत नाही. ‘मला त्याचा लळा लागला’ यात कर्ता लळा, मी आपली ‘मला’ होऊन बाजूला. भूक लागते, वेड लागतं, ठेच लागते, त्याच रांगेतलं. (‘जीव लावला’ आहे, कबूल. पण तो बहुतेक वेळा नंतर हिशेब काढताना आठवतो.)
बोल्बींचं म्हणणंही याच्या जवळ जातं. त्यांना ‘डिपेंडन्सी’ हा शब्द नको होता, त्यात कमीपणा येतो म्हणून. भ्यालेलं, दमलेलं पोर ठरावीक माणसाकडेच धावतं, त्या धावण्याला त्यांनी नाव दिलं. त्यांच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांच्या प्रयोगातसुद्धा आई खोलीबाहेर गेल्यावर मूल किती रडतं, यापेक्षा ती परत आल्यावर काय करतं, याला वजन होतं. बिलगतं की राग काढतं की तिकडे बघतच नाही. सगळी क्रियापदं.
आता माझी भाची. परवा तिचं मोडलं. विचारलं, काय झालं गं? ‘मावशी, तो अव्हॉयडंट आहे आणि मी अँक्शस.’ अटॅचमेंटचे प्रकार हे, पण रक्तगट सांगावा तसं. मी म्हटलं, म्हणजे तुला त्याची ओढ होती आणि तो टाळत होता? तर म्हणाली, ‘तसं नको ना म्हणूस, लागतं.’
तेव्हापासून विचार करतेय. ‘टाळतो’ म्हटलं तर उद्या कदाचित टाळणार नाही, एवढी फट राहते. ‘अव्हॉयडंट आहे’ म्हटलं की दारावर पाटी लागली.

अनुस्वार:
मी भाचीच्या बाजूने. म्हणे मराठी क्रियापदांची भाषा! लोचट, माणूसघाणा, आतल्या गाठीचा, ही काय क्रियापदं आहेत? लहानपणी मी कुणाच्या मागे मागे केलं की ‘चिकट’ म्हणायचे. चाळिशीत ‘अँक्शस’ हा शब्द कळला आणि पहिल्यांदा वाटलं, हे दुसऱ्यांनाही होतं. पाटी तर पाटी. निदान शिवी नाही.
आणि दीडशहाणी, सरळ ‘अटॅचमेंट’ लिहा. लोक बोलतात तेच.

ऱ्हस्वदीर्घ:
‘मी खूप अटॅच झालेय’ ऐकलं की मला वाटतं, आता हिला डाउनलोड करायचं की काय. फाईल अटॅच होते. माणूस गुंततो.

अनुस्वार:
फाईल चालली वाटतं?

ऱ्हस्वदीर्घ:
…संचिका म्हटलं तर हसाल म्हणून.

दीडशहाणी:
भांडा सावकाश, पुस्तिका शनिवारीच गेली. संपादकांनी ‘भावबंध’ केलं. मला वाटतं तो दिवाळी अंकातल्या कवितेतून उचललाय, पण मानधन मिळालं, गप्प बसले.
पुढचं प्रकरण आलंय आणि त्यात ‘डिटॅचमेंट’. रॉबर्टसन आणि बोल्बींनी आईपासून दुरावलेल्या मुलांत तीन टप्पे पाहिले. आधी आकांत, मग खचणं, आणि तिसऱ्यात आई भेटायला आली तरी मूल अनोळख्यासारखं राहतं. दोन वर्षांच्या पोराला ‘विरक्ती’ लिहिणार नाही, शिकलेय.

उंबरठा:
टाच उठणे!

पोटफोड्या_ष:
दुर्लक्ष करा. अलिप्तता?

ऱ्हस्वदीर्घ:
अलिप्तता देशांची असते. पोराची नाही.

चुकभूल:
तुटक. घरात रोज वापरतो की. ‘दोन दिवस तुटक वागतेय.’ बघा, इथेही वागतेय. ‘आहे’ नाही.

अनुस्वार:
आमच्या सासूबाई मला पंधरा वर्षं ‘तुटकच आहे ती’ म्हणतायत.