चिऱ्याच्या चुऱ्यामुळे टाकीतील फॉस्फेट नाहीसे होते का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

फोंडा तालुक्यातील आमच्या घरी पाणवनस्पतींची तीन फुटी टाकी असून तिच्यात सुमारे १५० लिटर पाणी मावते. पाणी घरच्या विहिरीचे आणि फारच मृदू आहे. जीएच (एकूण कठीणपणा) २ आणि केएच (कार्बोनेट कठीणपणा) १ च्या आसपास असतो. तळाशी धुतलेला चिऱ्याचा चुरा, म्हणजे जांभ्याची बारीक खडी, आणि तिच्यावर वाळू असे दोन थर आहेत. जांभ्यातले लोह मुळांना मिळावे म्हणून खालचा थर मुद्दाम घातला आहे.

अडचण अशी की काचेवर आणि अनुबियास व जावा फर्नच्या पानांवर गर्द हिरवे, टणक ठिपके येतात. ते बोटाने निघत नाहीत. काचेवरचे ब्लेडने खरवडावे लागतात. या शेवाळाचा संबंध बहुधा फॉस्फेटच्या कमतरतेशी जोडला जातो. खतांसाठी मी शेतीच्या दुकानात मिळणारी विद्राव्य खते वापरते: आठवड्याला १३:००:४५ (पोटॅशियम नायट्रेट) सुमारे २.५ ग्रॅम, ज्यातून साधारण १० पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) नायट्रेट मिळते, आणि ००:५२:३४ (मोनोपोटॅशियम फॉस्फेट) सुमारे ०.२ ग्रॅम, ज्यातून १ पीपीएमच्या जवळपास फॉस्फेट मिळते. आठवड्याला निम्मे पाणी बदलते. नायट्रेट १५ ते २० पीपीएमवर स्थिर आहे. फॉस्फेट मात्र खत घातल्यानंतर दोन दिवसांत चाचणीत जवळजवळ शून्य दिसते.

मासे मोजकेच आहेत. दिवे लागतात तेव्हा ड्रॉप चेकर (पाण्यातला कार्बन डायऑक्साइड रंगावरून दाखवणारी कुपी) हिरवा असतो, म्हणजे कार्बन डायऑक्साइड ३० पीपीएमच्या आसपास असावा. पावसात वीज गेली तर दिवे आणि गॅसचा सोलेनॉइड (विजेवर चालणारी झडप) एकदमच बंद होतात, आणि गॅस कमीजास्त झाल्यावर येणारे काळे दाढीसारखे शेवाळ कुठेच नाही, म्हणून गॅसच्या चढउतारावर माझा संशय नाही. दिवे आठ तासांवरून सहा तासांवर आणले, तरी फरक पडला नाही.

मडगावच्या एका दुकानदारांनी सगळी खते थांबवून शेवाळनाशक घालण्याचा सल्ला दिला. टाकीत झिंगे असल्यामुळे तांबे असलेले औषध मी घालणार नाही, आणि वनस्पतींना उपाशी ठेवून शेवाळ जाईल हे मला पटतही नाही. फॉस्फेट वनस्पतीच खातात की चिऱ्याचा चुरा ते धरून ठेवतो, हे खत वाढवण्याआधी कसे ठरवावे? एक निरीक्षण नोंदवते: वाळूत रुजलेल्या क्रिप्टोकोराइन आणि ॲमेझॉन सोर्ड उत्तम वाढत आहेत, वनस्पतींपैकी ठिपके फक्त लाकडाला बांधलेल्या अनुबियास आणि जावा फर्नवर आहेत.

प्रतिसाद:

ताई, आपल्या शेवटच्या वाक्यातच बरेचसे उत्तर आहे. जांभ्यातील लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे फॉस्फेट घट्ट धरतात, आणि पाणी आम्लधर्मी असेल तर अधिकच. आपल्याकडच्या जांभ्या जमिनीत पिकाला घातलेले स्फुरद (फॉस्फरस) अडकून पडते ते याच कारणाने. तळाच्या थरात प्राणवायू कमी झाला की लोहाचे क्षपण होऊन (ऑक्सिडीकरणाच्या उलट क्रिया) अडकलेले फॉस्फेट थोडे थोडे सुटते आणि मुळे ते घेतात. अनुबियासला मात्र पाण्यातूनच अन्न मिळवावे लागते.

तरीही खात्री करून घ्यावी. ००:५२:३४ चे १.४४ ग्रॅम एक लिटर पाण्यात विरघळवले की दर मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम फॉस्फेट असते. दोन बादल्यांत प्रत्येकी पाच लिटर विहिरीचे पाणी घेऊन त्यात हे द्रावण १० मिलिलिटर घाला, म्हणजे २ पीपीएम होईल. एकीत धुतलेला चुरा टाका, दुसरीत काहीही नको. दोन्ही अंधारात झाकून ठेवा, अधूनमधून ढवळा आणि एक दिवसाने व तीन दिवसांनी चाचणी घ्या. फक्त चुऱ्याच्या बादलीतच आकडा घसरला, तर चुरा फॉस्फेट धरतो हे नक्की. टाकीतले पीएच आणि चुऱ्याचे प्रमाण वेगळे असल्यामुळे घसरणीचा वेग मात्र तसाच असेल असे धरू नका.

तसे निघाले तरी चुरा उपसू नका, सगळा गाळ पाण्यात येईल. त्याच द्रावणाचे ७५ मिलिलिटर एक दिवसाआड सकाळी दिवे लागण्यापूर्वी घाला. १५० लिटरमध्ये ते ०.५ पीपीएम होते. नायट्रेट आहे तसेच राहू द्या. जुने ठिपके जाणार नाहीत, म्हणून नव्या पानांवरून आणि खरवडलेल्या काचेवरूनच फरक जोखा. अनुबियासला नवे पान सावकाश येते, तेव्हा निदान महिनाभर दुसरे काही बदलू नका. त्याच वेळी अनुबियासचा एक तुकडा मोठ्या पानांच्या सावलीत बांधून ठेवलात, तर प्रकाशाचा वाटा किती आहे तेही वेगळे कळेल.