बाबांच्या स्टेंटला सहा वर्षं झाली, आता गोळ्या बंद केल्या तर चालतं का?

आंबेमोहोर: बाबांना 2019 ला अटॅक आला, त्याच रात्री अँजिओप्लास्टी झाली (बंद नस आतून फुग्याने उघडतात ती), एलएडीत म्हणजे हृदयाच्या पुढच्या मोठ्या नसेत एक स्टेंट टाकला, नस उघडी ठेवणारी बारीक जाळी. आता वय 66, रोज पाऊण तास चालतात, दोन जिने न थांबता चढतात. परवा त्यांचा गोळ्यांचा डबा भरायला घेतला तर कोलेस्टेरॉलच्या गोळीची अख्खी पाकिटं तशीच पडलेली. विचारलं तर म्हणे, "पाइप साफ केलाय ना, मग कशाला?" आणि सकाळच्या कट्ट्यावर कुणीतरी सांगितलंय की त्या गोळीने पाय दुखतात, साखर वाढते. स्टेंट नक्की किती वर्षं टिकतो?

रात्रपाळी: डॉक्टर नाही, कॅथलॅबला, म्हणजे अँजिओप्लास्टी करतात तिथे, टेक्निशियन आहे. स्टेंट झिजत वगैरे नाही हो, तो तिथेच राहतो. नुसता फुगा मारायचे तेव्हा साधारण तिघांतल्या एकाची नस पहिल्या सहाएक महिन्यांत परत आवळायची, आताच्या औषधवाल्या स्टेंटला ते प्रमाण बरंच खाली आलंय. पण आमच्याकडे काही वर्षांनी परत येणारे पेशंट बघा, स्क्रीनवर जुना स्टेंट कितीदा तरी छान उघडा असतो आणि नवीन ब्लॉक त्याच्या खाली नाहीतर दुसऱ्याच नसेत. स्टेंट दोनअडीच सेंटिमीटरचा आणि आजार सगळ्या नसांच्या भिंतीत, त्याला ती कोलेस्टेरॉलचीच गोळी लागते. पाय दुखणं काहींना खरंच होतं, साखरही किंचित वाढू शकते, त्यावर डोस कमी करतात, गोळी बदलतात, आपल्या मनाने बंद नाही करायची. आणि एकोस्प्रिन, ती रक्त पातळ ठेवणारी गोळी, चालू आहे का ते आधी बघा!!

जुनाजाणता: हृदयाच्या नसेची पहिली अँजिओप्लास्टी ग्रुंट्झिग नावाच्या डॉक्टरने झुरिकला 16 सप्टेंबर 1977 ला केली, पेशंट 38 वर्षांचा, स्टेंट नव्हताच तेव्हा, फक्त फुगा. दहा वर्षांनी परत तपासलं तर ती जागा उघडीच. म्हणजे टिकायचं तर असंही टिकतं, पण हे कट्ट्यावर सांगू नका, उद्यापासून सगळेच गोळ्या सोडतील.

चिडका_बिब्बा: माझ्या मामांना दुखत नव्हतं खुपत नव्हतं, चेकअपला गेले आणि तीन स्टेंट घेऊन आले. वर घरच्यांना सांगितलं की आयुष्य वाढलं. 2007 ला करेज नावाची ट्रायल आली, 2287 पेशंट, सगळे स्थिर आजाराचे, अर्ध्यांना गोळ्या आणि स्टेंट, अर्ध्यांना नुसत्या गोळ्या. पुढच्या साडेचारेक वर्षांत मृत्यू आणि अटॅक दोन्हीकडे जवळपास सारखेच. स्टेंटवाल्यांचं छातीत दुखणं कमी झालं, तेही काही वर्षांनी बरोबरीत आलं.

रात्रपाळी: बरोबर, पण आंबेमोहोरच्या बाबांना ऐन अटॅकमध्ये केली, तिथे अँजिओप्लास्टी जीव वाचवते. दोन्ही केसेस एकात मिसळू नका. आणि तुमच्या ट्रायलमध्येही गोळ्या दोन्हीकडे होत्याच की.

आंबेमोहोर: अपडेट. एकोस्प्रिन घेतात, नशीब. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 138 आलं, डॉक्टर म्हणाले 70 च्या खाली हवं. पाय दुखतात हे बाबांनी तिथे पहिल्यांदा कबूल केलं, आम्हाला दोन वर्षं पत्ता नाही. गोळी बदलून दिलीये, सहा आठवड्यांनी परत रक्त तपासायचंय. डबा आता आईच्या ताब्यात, रोज जेवणानंतर ती ताटाशेजारी गोळी ठेवते आणि गिळेपर्यंत उठत नाही.