मदत हवी आहे: ५० मैलांच्या एन्ड्युरन्स राईडला खुरांना बूट की नाल?

नमस्कार मंडळी,

माझी अरबी घोडी नऊ वर्षांची आहे. गेली तीन वर्षं ती बिननालाची आहे. मऊ वाटेवर काहीच लागत नाही, खडकाळ वाट असली की पुढच्या दोन्ही खुरांना पट्ट्याचे बूट चढवते. आजवर आम्ही फक्त स्पर्धात्मक ट्रेल राईड केल्या, म्हणजे घोड्याची तब्येत तपासून परीक्षक गुण देतात त्या. आता पहिल्यांदाच एईआरसीच्या (एन्ड्युरन्स, म्हणजे लांब पल्ल्याच्या घोडदौडीची अमेरिकन संस्था) नियमांनुसार होणारी ५० मैलांची राईड करायची आहे, म्हणजे विश्रांती धरून १२ तासांत पूर्ण करायची. हातात दहा आठवडे आहेत.

मागच्या ट्रेल राईडमध्ये जे झालं त्यामुळे विचारतेय. शेवटच्या तपासणीत परीक्षकांनी तिचा डावा पुढचा पाय उचलला, तर टाचेच्या वर बोटाच्या पेराएवढ्या जागेतले केस गेलेले आणि कातडी लालभडक. बूट जागेवर राहावा म्हणून वर जो मऊ पट्टा असतो, गेटर, त्याच्या आत ओढ्यातली वाळू अडकली होती. गुण कापले, ते बरोबरच होतं. पण ओढा ओलांडल्यावर सहा-सात मैल ती तशीच चालत राहिली आणि मला पत्ताच लागला नाही, हे मनातून जात नाही. त्या दिवशी बूट दोनदा फिरलाही होता.

दुसरी शंका नियमाची. एनएटीआरसीच्या (स्पर्धात्मक ट्रेल राईडची अमेरिकेतली संस्था) राईडमध्ये खुराला नाल, पॅड, बूट चालतात, पण पायाला पट्ट्या किंवा संरक्षक बूट बांधायला मनाई असते. कारण पटतं. पायावरचे ओरखडे, सूज, घासल्याच्या खुणा यांवरच तर गुण ठरतात, पाय झाकला तर परीक्षक पाहणार काय? पण गेटर खुराच्या केसांच्या कडेवर चढतो. मग तो खुराचा धरायचा की पायाचा? सुरुवातीच्या तपासणीत मला कोणी अडवलं नाही, तरी मनात धाकधूक असतेच.

५० मैलांसाठी काय करू? नाल ठोकून घेऊ, हेच बूट ठेवू, की खुराला गोंदाने चिकटवायचे बूट वापरून पाहू? ज्यांनी लांब पल्ला केला आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद – लांबपल्ला

आधी नियमाचं सांगतो. एईआरसीच्या राईडमध्ये बिननालाचा घोडा, नाल, बूट, सगळं चालतं. वाटेत बूट निखळला तर त्यापायी कोणी बाद करत नाही. बाद होतो तो लंगडण्यामुळे. दुडक्या चालीत लंगडणं सातत्याने दिसलं, म्हणजे तिसऱ्या श्रेणीचं ठरलं, की राईड तिथेच संपली. तेव्हा 'कशाला परवानगी आहे' यापेक्षा 'पन्नासाव्या मैलाला ती सरळ पळेल का' हा प्रश्न मोठा.

बऱ्याच ठिकाणी पशुवैद्य नाडीची एक चाचणी घेतात. नाडी मोजायची, घोड्याला १२५ फूट दुडकत नेऊन परत आणायचं, आणि धावायला सुरुवात केल्यापासून एका मिनिटाने नाडी पुन्हा मोजायची. दुसरा आकडा चढला तर काहीतरी खुपतंय असं समजावं. थकवा असेल, पाणी कमी पडलं असेल, किंवा पाय दुखत असेल. तुम्ही सरावात हीच चाचणी घेत जा, ओढ्यानंतर तर नक्कीच. घोडी बोलत नाही, पण नाडी बोलते.

तुमच्या दोन्ही शंकांना चिकटवायचे बूट हे एकच उत्तर होऊ शकतं. खुराच्या कडेच्या वर काहीच येत नाही, त्यामुळे पट्टा घासत नाही आणि तो खुराचा की पायाचा हा प्रश्नही उरत नाही. एकेकाळी नाल निघाली तर तात्पुरती सोय म्हणून खोगिराला बूट लटकवून नेत. आज तेविस कपसारखी एका दिवसात १०० मैलांची, कॅलिफोर्नियातल्या डोंगरांमधली राईड लोक चिकटवलेल्या बुटांवर पूर्ण करतात.

मात्र गोंदाचं काम घाईचं नाही. खूर ठणठणीत कोरडा हवा, खुराची भिंत, म्हणजे बाहेरचं कठीण कवच, कानशीने खरखरीत केलेली हवी, आणि तयार झाल्यावर तिथे बोटसुद्धा लावायचं नाही, हाताचा तेलकटपणा पुरतो. गोंद घट्ट होईपर्यंत घोडीने पाय आपटला की गेलं. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी पहिल्यांदा करून पाहू नका.

प्रतिसाद – नालेची खूण

वरचं सगळं मान्य, पण एक विचारते. बुटाचं माप कधी घेतलं होतं? खूर साळल्याच्या दिवशी, की नंतर कधी?

खूर महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढतो. पाचव्या आठवड्यात माप घेतलं तर बूट त्या दिवशी बरोबर बसतो आणि साळल्यावर सैल होतो. सैल बूट फिरतो, आणि फिरणाऱ्या बुटाला धरून ठेवण्याचा सगळा ताण गेटरवर येतो. वाळूने घासलं असेलच, पण वाळूला आत जायला वाट कोणी दिली?

नालेचा पर्याय वाईट नाही. पण तीन वर्षं बिननालाच्या घोडीला नाल मारायची तर आजच ठरवा. पायाचं वजन बदलतं, पाय टाकण्याची लय बदलते, त्याची सवय सरावातच व्हायला हवी. स्पर्धेआधीची नालबंदी मी आठ-दहा दिवस आधी करून घेते. एखादा खिळा आतल्या नाजूक भागाच्या जवळ गेला असेल तर दुखणं तेवढ्या दिवसांत बाहेर येतं. आदल्या दिवशी नाल मारली तर ते थेट पशुवैद्यासमोर कळेल.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचे मनापासून आभार. वही काढून पाहिली. माप खूर साळल्यानंतर पाचव्या आठवड्यातलं निघालं! काल नालबंदाकडून खूर साळून घेतले आणि लगेच मोजले, रुंदीत डावा ७ मिलिमीटरने कमी भरला आणि उजवा ४. म्हणजे दोन्ही खूर सारखेही नाहीत आणि मी दोन्हींना एकच माप घालत होते.

नाल आत्ता नको असं ठरवलं आहे. दोन वेगळ्या मापांचे बूट मागवले आहेत. दुसऱ्या महिन्यात सरावाच्या २५ मैलांना ते चिकटवून पाहीन, आणि पट्ट्याचा एक बूट खोगिराला असेलच. ट्रेल राईडला पुन्हा गेटर वापरायची वेळ आली तर तपासणीच्या आधीच परीक्षकांना बूट हातात देऊन विचारेन.

@लांबपल्ला, चिकटवलेले बूट राईडनंतर किती दिवसांत काढता? आणि काढताना खुराच्या भिंतीचे पापुद्रे निघू नयेत म्हणून काय करता? तिची भिंत पातळ आहे, त्याचीच आता काळजी वाटते.