ब्रिटिश स्वयंसेवकाचा दाखला आणि ब्रिटनचे देशाबाहेरील प्रयत्न : जाणकारांचे मत हवे

वैशाखी (पुणे) यांचा प्रश्न

नमस्कार. पुण्याजवळच्या एका लहान बालगृहाच्या व्यवस्थापन समितीवर मी काम करते. इंग्लंडमधील एक गृहस्थ सहा महिने आमच्या मुलांना इंग्रजी शिकवू इच्छितात आणि आम्ही मागण्यापूर्वीच त्यांनी ‘इंटरनॅशनल चाइल्ड प्रोटेक्शन सर्टिफिकेट’ पाठवले आहे. ब्रिटिश पोलिसांनी तपासून दिलेला कागद असताना आपण आणखी काय पाहायचे, असे समितीतील दोघांचे म्हणणे आहे. माझे मन मात्र मानत नाही. आपल्या नागरिकांनी परदेशात केलेल्या बालशोषणाविरुद्ध ते सरकार प्रत्यक्षात काय करते?

दुसरा प्रश्न घरचा आहे. माझ्या मामेबहिणीला तिचा नवरा दिवाळीसाठी म्हणून लंडनहून घेऊन आला आणि तिला माहेरी ठेवून, तिचा पासपोर्ट घेऊन, एकटाच परत गेला. तिकडे तिला मारहाण होत होती, हे आम्हाला आता कळले. अशा बाईसाठी ब्रिटनच्या कायद्यात काही जागा आहे का?

माधव (मुंबई)

बालहक्कांच्या कामात माझी वीस वर्षे गेली आहेत, म्हणून पहिल्या प्रश्नावर थोडे सविस्तर लिहितो.

तो दाखला खोटा किंवा निरुपयोगी नाही. 2012 पासून तो दिला जातो आणि त्यासाठी ब्रिटिश पोलिसांकडील शिक्षांच्या नोंदींबरोबर नॅशनल क्राइम एजन्सी या गंभीर गुन्ह्यांचा तपास करणाऱ्या ब्रिटिश यंत्रणेकडील गोपनीय माहितीही पाहिली जाते. परंतु ज्याच्याविरुद्ध कोणी कधी तक्रारच केलेली नाही, त्याचा कागद कोराच येणार. मलेशियातील गरीब वस्त्यांमध्ये वर्षानुवर्षे मुलांचे शोषण करणाऱ्या, इंग्लंडमधील केंटच्या एका तरुणाचा सुगावा ब्रिटिश पोलिसांना लागला तो ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड पोलिसांच्या एका पथकामुळे. 2014 च्या डिसेंबरमध्ये त्याला गॅटविक विमानतळावर अटक झाली, त्याने 71 आरोप कबूल केले आणि 2016 मध्ये लंडनच्या न्यायालयाने त्याला 22 जन्मठेपा दिल्या. गुन्हे मलेशियात घडलेले असूनही खटला लंडनमध्ये चालला, कारण आपल्या नागरिकाने परदेशात केलेल्या अशा गुन्ह्यांचा खटला स्वतःच्या देशात चालवण्याची तरतूद ब्रिटनने 1997 मध्येच केली होती. 2008 मध्ये ती आणखी कडक झाली : ब्रिटिश नागरिकाचे ते कृत्य, जेथे घडले त्या देशात गुन्हा ठरत नसले तरी, आता खटला चालू शकतो. हा कायदा मला मनापासून महत्त्वाचा वाटतो.

तरीही आपल्या मुंबईचे उदाहरण विसरू नका. कुलाब्यातील ‘अँकरेज’ निवाऱ्यांमध्ये मुलांचे शोषण करणाऱ्या दोन ब्रिटिश नागरिकांविरुद्ध 2001 मध्ये गुन्हा नोंदला गेला. एकाला न्यूयॉर्कच्या विमानतळावर पकडून भारतात आणावे लागले. 2006 मध्ये सत्र न्यायालयाने शिक्षा दिली, 2008 मध्ये उच्च न्यायालयाने त्यांची निर्दोष मुक्तता केली आणि 2011 च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलांच्या साक्षी ग्राह्य धरून शिक्षा पुन्हा कायम केली. दहा वर्षे! एवढा काळ ती मुले आपण खरे बोलतो आहोत, हे सांगत राहिली. म्हणून दाखला फायलीत ठेवा, पण ते गृहस्थ यापूर्वी ज्या ज्या देशांत राहिले तेथील पोलिसांचे दाखले मागा, आधीच्या संस्थांना स्वतः फोन करा आणि कोणत्याही प्रौढाने मुलासोबत बंद खोलीत एकटे राहायचे नाही, हा नियम स्वतःच्या कर्मचाऱ्यांनाही लावा. मुलांच्या मदतवाहिनीचा 1098 हा क्रमांक मुलांना पाठ असू द्या.

शर्वरी (लंडन)

मी येथे वकिलांकडे मराठी आणि हिंदी दुभाषी म्हणून काम करते. मामेबहिणीच्या बाबतीत सर्वांत आधी एक गोष्ट पाहा : तिचा नवरा ब्रिटिश नागरिक किंवा तेथे कायम वास्तव्याचा हक्क असलेला आहे, की नोकरीच्या व्हिसावर आहे?

पहिला प्रकार असेल आणि ती जोडीदाराच्या व्हिसावर येथे आली असेल, तर मार्ग आहे. पत्नीला अशा रीतीने परदेशात टाकून देणे हाही छळाचाच प्रकार मानून, 31 जानेवारी 2024 पासून तिला भारतातूनही कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. नवरा नोकरीच्या व्हिसावर असेल, तर त्याची डिपेंडंट म्हणून आलेल्या बाईला हा हक्क नाही. ती ब्रिटनमध्येच असती तर तिला फार तर तीन महिने राहण्याची सवलत मिळाली असती. पुण्याहून, ठाण्याहून नोकरीसाठी येणाऱ्या कितीतरी जोडप्यांचा व्हिसा याच दुसऱ्या प्रकारचा असतो, आणि हे मला फार सलते. स्त्रियांवरील हिंसाचाराविरुद्धच्या इस्तंबूल करारावर ब्रिटनने 2012 मध्ये सही केली, 2022 मध्ये त्याला मान्यता दिली, पण पीडित स्थलांतरित स्त्रियांच्या वास्तव्याविषयीचे 59 वे कलम लागू न करण्याचा हक्क राखून ठेवला. गुन्हेगाराच्या मागे मलेशियापर्यंत जाणारे सरकार मार खाल्लेल्या बाईला दार उघडताना मात्र तिच्या नवऱ्याचा व्हिसा विचारते, यावर मी आक्षेप घेतच राहीन.

व्यवहारातली एक सूचना. गेल्या वर्षी एका मुलीसाठी मी दुभाषी होते. तिच्या व्हिसाचे ऑनलाइन खाते नवऱ्याच्या ईमेलवर उघडलेले होते आणि तिच्याकडे व्हिसाच्या जुन्या कार्डाचा मोबाइलमधला एक तिरका फोटो तेवढा होता. त्या फोटोवरचा क्रमांक वाचता आला, म्हणून वकिलांना काम सुरू करता आले. बहिणीचे जुने संदेश, तिकिटे, डॉक्टरांची चिठ्ठी, जे असेल ते आजच एकत्र करा आणि पासपोर्ट काढून घेतल्याची तक्रार पोलिसांत नोंदवा.

वैशाखी (पुणे)

दोघांचेही आभार. नवरा ब्रिटिश नागरिक आहे, हे मामांकडून आताच कळले. विमानतळावर उतरल्यावर काढलेल्या एका फोटोत बहिणीच्या हातात पासपोर्टचे उघडे पान आहे. तो मोठा करून पाहतो आहोत. बालगृहाची बैठक शनिवारी आहे, तेथे माधव यांचे उत्तर वाचून दाखवीन. त्या गृहस्थांनी केनियात दोन वर्षे शिकवल्याचे त्यांच्याच पत्रात लिहिले आहे, तेव्हा तेथील दाखला आल्याशिवाय होकार कळवणार नाही.